घरच्यांची हरकत

पट्टा तुटला की त्याची टोकं केसाळ होतात. जळल्यासारखा वास येतो. जळलेलं मात्र काही नसतं.

लेकीला, मित्राला, सध्या एकच खेळ आवडतो. बाहुलीला ओढणीने पाठीशी बांधायचं, हॉलमधून स्वयंपाकघरात न्यायचं, ओट्याखाली ठेवायचं आणि म्हणायचं, "वाचली."

चऱ्होलीच्या अंगाला नदीकडे उतरणारा एक रस्ता आहे. दोन्हीकडे नव्या इमारतींचे खांब उभे राहतायत आणि मध्येच एक ज्वारीचं शेत विकायचं राहून गेलंय.

इथल्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो.

आंबेहळद उगाळली की तिचा रंग नखांच्या कडांत राहतो. साबणाने जात नाही. आपोआप कधीतरी जातो.

नदीम डब्यातलं उकडलेलं अंडं मशिनच्या कडेवर आपटून फोडतो. लॅबमध्ये खायला मनाई आहे. तसा कागद त्याच्याच डोक्यावर भिंतीला लावलेला आहे.

"माणूस पोत्यासारखा नसतो," रश्मी म्हणाली होती. "माणूस हलतो."

अनोळखी नंबर.

समाधानने फोन उचलला तेव्हा त्याच्या उजव्या हाताखाली मशिन चालू होतं. चाकणच्या त्या कंपनीत मोटारींचे सीटबेल्ट बनतात, आणि प्रत्येक लॉटमधला एक तुकडा समाधानच्या लॅबमध्ये येतो. वरच्या जबड्यात एक टोक, खालच्या जबड्यात दुसरं, आणि मग मशिन तो पट्टा सावकाश ताणत नेतं. त्याला फार आवाज नसतो, एखादं जुनं कपाट उघडावं तेवढाच. पलीकडून नागपूरकडचं वळण असलेल्या शांत आवाजाने विचारलं, कॅप्टन रश्मी यांचे मिस्टर बोलताय ना. समाधान हो म्हणाला. लग्नाला सहा वर्षं होत आली तरी मिस्टर हा शब्द ऐकला की त्याला आपण कुणाच्या तरी सोबत आलेलं सामान आहोत असं वाटायचं. आवाजाने स्वतःचं आडनाव सांगितलं, ते मशिनमध्ये हरवलं. कर्नल तेवढं ऐकू आलं. कर्नल म्हणाले की उद्या कॅप्टन रश्मी आमच्याकडे रुजू होतायत, प्रोबेशनसाठी, तुम्हाला कल्पना असेलच. बायकांची ही पहिलीच तुकडी. वरून सूचना आहे की घरच्यांशी एकदा बोलून घ्यावं. यात सक्तीचं काही नाही.

"तुमची काही हरकत?"

समाधान काट्याकडे बघत होता. पट्टा ताणला जात होता. काट्यावरचा आकडा ठरलेल्या हद्दीच्या पुढे गेला आणि त्याच्या बोटाने नेहमीच्या सवयीने मशिन थांबवलं.

"आणि अजून एक," कर्नल म्हणाले. "तिच्या तब्येतीबद्दल, मनाबद्दल, आम्हाला माहीत असायला हवं असं काही असेल तर सांगा. तुमच्यामाझ्यात राहील. आत्ता घाई नाही. संध्याकाळी मी परत करतो."

फोन ठेवल्यावर समाधानने जबड्यातून पट्टा सोडवला. ताणलेला पट्टा सोडला की थोडा गरम लागतो. त्याने तो पास झालेल्यांच्या खोक्यात टाकला आणि हात पँटला पुसले. पुसण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतं. पलीकडच्या टेबलावरून नदीमने विचारलं, कुणाचा रे, बँकवाले का? समाधान म्हणाला, हो. मग त्याला वाटलं की या खोट्याची काही गरज नव्हती. नदीम त्याचा दहा वर्षांचा जोडीदार, रश्मीच्या हातची खीर खाऊन गेलेला, वर्षभर त्याला चिडवणारा. भांडण झालं की तू कुठे लपतोस राव, पलंगाखाली का पाण्याच्या टाकीत? या चिडवण्याला समाधान हसायचा. हसताना आपला चेहरा कसा दिसतो ते त्याला माहीत नव्हतं.

फौजेतलं ते निवडक दल. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. 'तिकडे' म्हणत. रश्मी तिकडे जाणार. तिकडचं पत्र आलं. तिकडे काय होतं, ते रश्मीने त्याला कधी नीट सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. त्याने जे काही गोळा केलं होतं ते मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. रात्रंदिवस झोपू देत नाहीत. चिखलात बसवतात. शिव्या देतात. शंभरातले ऐंशी-नव्वद परत जातात, आणि ते सगळे पुरुष. त्या व्हिडिओंखाली माणसं भांडत होती की बायकांना तिकडे घ्यावं का. घ्यावं म्हणणारे होते, घेऊ नये म्हणणारे जास्त होते. पाळी आली तर काय करणार, शत्रूच्या हाती लागली तर काय करणार, सोबतची पोरं लढतील का तिलाच वाचवत बसतील, वजनं कमी करून मागतील, मग दलाला काय अर्थ राहिला. समाधान ते सगळं वाचायचा. घ्यावं म्हणणाऱ्यांचं त्याला पटायचं. घेऊ नये म्हणणाऱ्यांचं मनात राहायचं. एकदा त्याने तिथे लिहायला घेतलं, माझी बायको, आणि तेवढ्यावरच थांबून खोडून टाकलं. कारण पुढचं वाक्य सुचेना. माझी बायको जाणार आहे. माझ्या बायकोला जाऊ देऊ नका. दोन्ही वाक्यं तिथे सारखीच बसत होती.

रश्मीने हे ठरवलं त्याला आता वर्ष होऊन गेलं. ती सिग्नल्समध्ये होती, चांगली पोस्टिंग होती, बढतीचंही दिसत होतं. सुट्टीवर आली होती. जेवताना भाताचा घास कालवता कालवता म्हणाली की बायकांनाही अर्ज करता येणार आहे. आणि समाधान म्हणाला, कर की. इतक्या पटकन म्हणाला की आईने, भिमाबाईंनी, ताटावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला खात्री होती की तिला घेणार नाहीत. हे त्याने स्वतःशीसुद्धा शब्दांत कधी म्हटलं नव्हतं, आत्ता लॅबमध्ये पुढचा पट्टा जबड्यात घालताना पहिल्यांदा म्हटलं. घेणार नाहीत याची खात्री होती म्हणून मी चांगला होतो.

पोतं घेऊन तिने सुरुवात केली. चिखलीच्या त्यांच्या सोसायटीच्या मागे डबर टाकलेला एक चढ आहे, तिथे सुट्टीला आली की सकाळी ती वाळूचं पोतं पाठीवर घेऊन चढायची आणि उतरायची. खालच्या गाळ्यांतली वेल्डिंगची पोरं काच डोळ्यांवरून वर करून बघायची. तिकडे एक चाचणी असते. साथीदाराला गोळी लागली असं धरायचं आणि त्याला पाठीवर घेऊन जायचं, दमलेलं असताना, रात्रभर चालून झाल्यावर. साथीदार पुरुषच असणार. त्याचं वजन बाई उचलतेय म्हणून कमी होणार नाही. ही सुट्टी लागली तेव्हा रश्मी म्हणाली की पोत्याने भागत नाही, पोतं मेलेलं असतं, जखमी माणूस हलतो, कण्हतो, मध्येच घट्ट धरतो आणि मध्येच सोडतो. समाधान, तू येशील का. तो म्हणाला, कशाला. ती म्हणाली, जखमी व्हायला.

म्हणून मागच्या गुरुवारी, कंपनीला सुट्टी होती, उजाडताना ते चऱ्होलीकडे गेले. चिखलीत लोकांनी बघितलं असतं, चऱ्होलीत ओळखीचं कुणी नाही, असा समाधानचा हिशेब. हे त्याने रश्मीला सांगितलं नाही. तिकडे हवा चांगली आहे असं सांगितलं. रस्त्याच्या वरच्या टोकाला तिने त्याला उचललं. त्याला वाटलं होतं की ती धडपडेल, निदान पहिल्या वेळी तरी. तिने खाली वाकून त्याचा एक हात आणि एक पाय धरला आणि तो आडवा तिच्या खांद्यांवर गेला, इतका सहज. मग ती चालायला लागली. समाधानला रस्ता उलटा दिसत होता. तिची मान त्याच्या बरगड्यांना लागत होती. तिच्या घामाला ओल्या कापडाचा वास होता. त्याने हा वास ओळखला. मित्राच्या वेळी, कळा सुरू असताना, हॉस्पिटलच्या खोलीत असाच वास होता, आणि तेव्हाही तो असाच काही न करता तिथे होता. बापाने खांद्यावर घेतलं होतं तेव्हा तो किती वर्षांचा असेल, पाच? त्यानंतर कुणीच त्याला उचललं नव्हतं. जमीन पायांखाली नसणं काय असतं ते तो विसरला होता. थोडा वेळ, एखादं वळण, त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की डोळे मिटावेत असं वाटलं.

तेवढ्यात समोरून एक म्हातारा आला. डोक्याला टॉवेल, हातात दुधाची रिकामी किटली. तो थांबला. बाईच्या खांद्यावर एवढा बाप्या बघून त्याचं तोंड काळजीने भरलं.

"काय झालं पाव्हणं, पाय मोडला व्हय?"

"व्हय," समाधान म्हणाला.

समाधान कधी असं बोलत नाही. शाळेपासून नाही. तो शब्द त्याच्या तोंडातून घाबरून बाहेर पडला, कुठून आला कळलं नाही. म्हातारा चुकचुकला, मोशीला हाडाचा चांगला डॉक्टर हाय, तिकडं न्या बाई त्यांना, म्हणाला आणि गेला. रश्मी चालत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "फार दुखतोय का रे?" आणि मग हसली, आणि ते हसू समाधानने ऐकलं नाही, पोटाने अनुभवलं, तिच्या पाठीतून त्याच्या पोटात ते थरथरत आलं. त्याला उतरायचं होतं. उतरव म्हणायला तोंड उघडेना, म्हणून तो नुसता हलला. जखमी माणूस हलतो तसा. खडीवर तिचा पाय सरकला. ती पडली ती उजव्या गुडघ्यावर, आणि दोघांचं वजन त्या गुडघ्यावर आलं. पडतानाही तिने त्याचं डोकं धरलं होतं.

दुपारपर्यंत गुडघा सुजला. समाधानने आंबेहळद उगाळून लावली. दार लावून घेतलं होतं, आईला कळू नये म्हणून. रश्मी पलंगावर पाय पसरून छताकडे बघत होती. ती म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. समाधान म्हणाला, अगं, पण तिकडे गेल्यावर. ती म्हणाली, "तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी दुखत असतं. पुरुष लपवतात. त्यांनी लपवलं की त्याला जिगर म्हणतात." लेप वाळून त्याला भेगा पडल्या. सूज दोन दिवसांत उतरली, निदान बघणाऱ्याला दिसेनाशी झाली. पण जिना उतरताना ती कठड्याला हात लावायची, फक्त बोटं टेकवायची, आणि हे फक्त समाधानला दिसायचं. जगात एकट्यालाच दिसणारी एक गोष्ट त्याच्याजवळ होती. आणि आज एक शांत आवाज त्याला विचारत होता की तुमच्याजवळ काही आहे का.

एक वाक्य. तिचा गुडघा दुखावलाय. एवढं म्हटलं की रश्मी उद्या जाणार नाही, किंवा जाईल आणि दारातूनच परत येईल. मित्राला आई असेल. चुकीच्या वेळी फोन वाजला तर समाधानच्या छातीत काही होणार नाही. वर्षभर दर सुट्टीत तिने डबराच्या चढावर काय काय सांडलं ते सगळं वाया जाईल, आणि तिला कधी कळणार नाही कुणामुळे. तो हे खरंच तिच्या जिवासाठी करेल का? का त्या म्हाताऱ्यासाठी? का नदीमच्या चिडवण्यासाठी, का त्या मिस्टर शब्दासाठी, का तिने इतक्या सहज उचललं म्हणून? कारण एकच असतं तर बरं झालं असतं. त्याने स्वतःला तपासून बघायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक कारणाच्या खाली दुसरं निघायचं, आणि सगळ्यात खाली नुसती भीती होती, ओली, तिला तोंड नव्हतं.

नवा पट्टा जबड्यात होता. या लॅबची एक रीत आहे. पट्टा तुटेपर्यंत ताणायचा असा नियम आहे, पण तसं कुणी करत नाही. ठरलेला आकडा गाठला, थोडा पुढे गेला, की मशिन थांबवायचं आणि पास म्हणून टाकायचं. तुटू दिलं की जबड्यांचे दात झिजतात, वेळ जातो, आणि तो आवाज सगळ्यांना नकोसा वाटतो. त्यामुळे हे पट्टे खरे किती ताकदीचे आहेत हे या कंपनीत कुणाला माहीत नाही. हद्दीच्या वर आहेत, इतकंच माहीत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा रश्मी लॅब बघायला आली होती तेव्हा तिने विचारलं होतं, मग तुटतो कधी? समाधान म्हणाला होता, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय.

आकडा हद्दीशी आला. हद्दीच्या पुढे गेला. समाधानचं बोट बटणावर होतं, त्याने ते उचलून घेतलं. नदीमने मान वर केली. अरे, थांबव ना. समाधान थांबला नाही. आकडा वर जात होता, जाईल असं त्याला वाटलं होतं त्याच्याही वर, आणि पट्टा बारीक होत चालला होता, त्याच्या कडा आत वळत होत्या, विणीतून एक बारीक करकर येत होती, दात खाल्ल्यासारखी. किती बळ होतं त्या चार बोटं रुंद कापडात. इतकी वर्षं तो ते हद्दीशीच थांबवत आला होता. त्याला वाटलं, आता हे बघून मला धीर यायला हवा. तिच्यातही असंच असेल, कुणी शेवटपर्यंत बघितलंय कुठे. आणि मग पट्टा तुटला. लॅबच्या काचा थरथरल्या, बाहेरच्या लाइनवरची दोन माणसं धावत दाराशी आली. खालच्या जबड्यातून तुटकं टोक लोंबत होतं, पांढऱ्या धाग्यांचा पिंजलेला झुपका. समाधान त्याच्याकडे बघत राहिला. धीर आला नाही. त्याला एवढंच दिसलं की ज्यात जास्त बळ असतं ते तुटताना जास्त मोठ्याने तुटतं.

आणि दुसरं असं, की तपासलेला तुकडा कुठल्याच गाडीत बसत नाही.

"डोकं फिरलं का भावा?" नदीम जबड्याचे दात बोटाने चाचपत म्हणाला. "काय झालंय? घरी काही झालंय का?" समाधान म्हणाला, रश्मी उद्या जातेय. नदीमचा चेहरा बदलला. तो चिडवायच्या बेतात होता, ते त्याने गिळलं. खाली वाकून त्याने तुटलेलं टोक काढून दिलं आणि म्हणाला, माझी बायको माहेरी जाते तेव्हापण मला झोप लागत नाही राव. हे दिलासा म्हणून म्हटलं होतं. समाधानला तो लागू पडला नाही, पण त्याने मान हलवली.

शिफ्ट सुटली. कंपनीची बस तळेगाव चौकात नेहमीसारखी अडकली. कंटेनर, कंटेनरच्या मागे कंटेनर, मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या, बसमध्ये पोरं मोबाइलवर मॅच बघत होती. उन्हाने तापलेल्या काचेला डोकं टेकून समाधान बसला होता. फोन आला तेव्हा त्याने लगेच उचलला नाही. शेजारचा म्हणाला, वाजतोय तुमचा.

कर्नलनी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच शांतपणे. समाधानने तोंडावर हात धरला, बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"हरकत काहीच नाही," तो म्हणाला. हे त्याने वर्षभर इतक्या जणांना सांगितलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. पलीकडे कर्नल थांबले होते. ते थांबले नसते, लगेच धन्यवाद म्हणाले असते, तर कदाचित. बस एक धक्का देऊन पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. "एक आहे," समाधान म्हणाला. "तिचा उजवा गुडघा. मागच्या गुरुवारी पडली होती. तिने कुणाला सांगितलेलं नाही."



"बरं," कर्नल म्हणाले.

"तिला कळेल का, मी सांगितलं ते?"

"नाही." आणि मग, "ठेवतो."

आवाज बदलला नव्हता. समाधानला वाटलं होतं की सांगून झाल्यावर काहीतरी होईल, हलकं वाटेल किंवा जड. काही झालं नाही. शेजारच्याच्या मोबाइलवर कुणीतरी आउट झाला आणि बसमधली अर्धी पोरं हळहळली. समाधानही हळहळला, तोंडाने, त्यांच्याबरोबर.

घरात शेंगदाणे भाजल्याचा वास होता. भिमाबाई रश्मीसोबत द्यायला चटणी करत होत्या. तिकडं असलं खाऊ देत न्हाईत हे त्यांना सांगून झालं होतं. त्यांचं म्हणणं, न्हाई देईनात का, गाडीत तर खाईल. आतल्या खोलीतून रश्मीचा आणि मित्राचा आवाज येत होता, पाणी, हसणं, मित्राची अंघोळ चालली होती. समाधान ओट्याशी जाऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला की आज मला फौजेतून फोन आला होता, विचारत होते घरच्यांची काही हरकत आहे का. गुडघ्याचं तो बोलला नाही. भिमाबाईंनी गॅस बारीक केला. कढईत सराटा फिरवत राहिल्या. मग मागे न वळता विचारलं,

"बाप्यांच्या बायकांना करत्यात का असा फोन?"

समाधानने ते विचारलंही नव्हतं, सबंध दिवसात एकदाही ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

भिमाबाई मग सावकाश बोलल्या, कुणाचा राग नसल्यासारख्या. तुला आठवत नसंल, तू ल्हान व्हतास. त्याला आठवत होतं, पण त्याला जे आठवत होतं ते बिस्किटाचा पुडा. युनियनचे एक जण घरी आले होते, बाबांना जयभीम ज्ञानदेवभाऊ म्हणाले, खाटेवर बसले आणि समाधानच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. भिमाबाई तेव्हा पिंपरीत स्विचच्या कारखान्यात होत्या, पॅकिंगला लागल्या आणि पुढे जोडणीच्या टेबलावर गेल्या, त्यांच्या हाताखाली पोरी शिकायच्या. कंपनीला बायकांची दुसरी पाळी सुरू करायची होती, रात्री दहापर्यंत. पगार जास्त, आणि टेबलाची मुख्य भिमाबाईंना करायचं ठरत होतं. म्हणून ते गृहस्थ विचारायला आले होते. ज्ञानदेवना. भिमाबाई आत भाकरी थापत होत्या. बाबा वाईट नव्हते. ते म्हणाले, रात्रीच्या येळला रस्त्यानं कसली माणसं असत्यात, आपल्याच्यानं न्हाई बघवणार. आणि ते खरंच होतं, तेव्हा त्या रस्त्याला दिवे नव्हते. ते गृहस्थ चहा पिऊन गेले. दुसरी पाळी ज्यांना नको त्यांना पुढच्या वर्षी कंपनीनं काढलं.

"मला आतून ऐकू येत व्हतं," भिमाबाई म्हणाल्या. "तव्यावर भाकरी व्हती. ती करपंल म्हणून मी उठले न्हाई." त्यांनी शेंगदाणे ताटात ओतले, फुंकर घालून सालं उडवली. "त्यांचा जीव व्हता माज्यावर. म्हणून तर आजवर मला त्यांच्यावर धड रागवता बी आलं न्हाई." मग त्यांनी पहिल्यांदा समाधानकडे पाहिलं. "तू काय सांगितलंस?"

"हरकत नाही म्हणालो."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि लसूण सोलायला घेतला.

समाधान आतल्या खोलीत गेला. रश्मीची सॅक भिंतीशी भरून उभी होती, एखाद्या पाहुण्यासारखी. मित्रा ओल्या केसांनी पलंगावर उड्या मारत होती. रश्मी जमिनीवर बसली होती, उजवा पाय पुढे, पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, हातात क्रेप बँडेजची गुंडाळी. तिने त्याच्याकडे दुसरं टोक दिलं. धर. ओढ. त्याने ओढलं. अजून ओढ, ती म्हणाली, तू काय रोज हेच करतोस ना. त्याने अजून ओढलं. पट्टी तिच्या गुडघ्याभोवती आवळत गेली, कातडी पट्टीच्या कडेने पांढरी पडली. "थांबू नकोस," ती म्हणाली. "मी सांगेन." त्याची बोटं थांबायला बघत होती. समाधान तिच्या मोबाइलकडे बघत होता. तो पलंगाच्या कडेवर पालथा पडला होता. आता वाजेल. आता त्यात कुणीतरी म्हणेल की कॅप्टन, तुम्ही उद्या निघू नका. ती ऐकेल, तिची मान ताठ होईल, ती समजून जाईल, कारण हे जगात दोघांनाच माहीत आहे. त्याने इतका साधा विचार दिवसभरात केला नव्हता. तुमच्यामाझ्यात राहील म्हणणाऱ्या माणसाला काय माहीत की ते आधीच दोघांत होतं.

फोन वाजला. समाधानचा. नदीम म्हणत होता, खालच्या जबड्याचा एक दात उडालाय, उद्या सुट्टी आहे म्हणून वाचलास, शुक्रवारी साहेब तुझीच खरडपट्टी काढणार. आणि वहिनींना सलाम सांग. समाधानने फोन ठेवला.

"कोण?" रश्मीने विचारलं.

"नदीम. सलाम सांगितलाय."

"मला वाटलं कर्नल." तिने पट्टीचं टोक आत खोचलं. "सगळ्यांच्या घरी करतायत म्हणे. सगळ्यांच्या म्हणजे आम्हा तिघींच्या. तुला आला का?"

मित्राने उडी मारता मारता बाहुली खाली फेकली. समाधानने ती उचलली.

"आला होता. सकाळी."

"काय म्हणालास?"

"हरकत नाही म्हणालो."

रश्मी त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली वर्षभराची उन्हं होती. तो किती वेळ बाहुली हातात धरून उभा होता कोण जाणे.

"एवढंच?"

"एवढंच," समाधान म्हणाला.

तिने मान हलवली. हात वर केला, उठव म्हणून. त्याने तिचा हात धरला आणि ती त्याच्या आधाराने उभी राहिली. बाहेरून भिमाबाईंनी हाक मारली, पानं घेते, या.

रश्मीने सोमवारीच, समाधानला न सांगता, पुण्याला जाऊन फौजेच्या डॉक्टरांना गुडघा दाखवला होता आणि पडल्याचं सगळं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तो तपासून तिला जायला परवानगी दिली होती, आणि तसं कर्नलना त्याच दिवशी कळवलं होतं.